शाळेचे मतदान : एप्रिलमध्ये की नोव्हेंबरमध्ये?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी घर घेताना आधी शाळा पाहिलेली असते, आणि त्या घरावर दरवर्षी जो मालमत्ता कर भरावा लागतो त्यातला निम्म्याच्या आसपास हिस्सा शाळांकडेच जातो. तो पैसा कसा खर्चायचा, सुपरिंटेंडेंट, म्हणजे शाळांचा मुख्य प्रशासक, म्हणून कोणाला नेमायचे, हे ठरवणारे स्कूल बोर्ड बहुतेक ठिकाणी लोकांनीच निवडलेले असते. सदस्यांना पगार नसतो आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावाला पक्ष जोडलेला नसतो. आज बोलायचे आहे ते या निवडणुकीच्या तारखेविषयी, कारण तारीख बदलली की मत द्यायला येणारी माणसे बदलतात.

पूर्वी ही निवडणूक एप्रिलमध्ये, इतर सर्व निवडणुकांपासून वेगळी होत असे. शंभर मतदारांपैकी पंधरा-सोळा जण आले तरी पुष्कळ म्हणायचे. जानेवारी 2012 मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी सही केलेल्या कायद्याने ती नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीबरोबर घेण्याची मुभा दिली आणि पहिल्याच वर्षी बहुसंख्य स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे एकेका बोर्डाच्या हाताखालचे शाळांचे विभाग, नोव्हेंबरकडे वळले.

माझ्या परिचयाच्या एक काकू आहेत, मूळच्या साताऱ्याच्या, आता मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या. मुले शाळेतून बाहेर पडून बरीच वर्षे झाली, तरी एप्रिलचे मतदान त्यांनी कधी चुकवले नाही. कामावरून परतताना त्या शाळेच्या जिममध्ये जात. तिथे टेबलामागे बसलेल्या वयस्क बायका मतदार आल्याचे पाहूनच आनंदित होत. नोंदवहीत प्रत्येकाच्या नावाशेजारी त्याच्या जुन्या सहीची छापील प्रत असे आणि तिच्या बाजूला त्या दिवशीच्या सहीसाठी चौकट. सही करता करता काकूंची नजर पानावरून फिरे : नावे सगळी ओळखीची, शेजारपाजारची, आणि चौकटी जवळजवळ सगळ्या कोऱ्या. ज्या दोन-तीन भरलेल्या असत, त्या बहुधा शिक्षकांच्या घरच्या.

मग आला 2012 चा नोव्हेंबर. 29 ऑक्टोबरच्या रात्री सँडी वादळ किनाऱ्यावर आदळले होते. आठवडाभर वीज नव्हती, शाळा बंद होत्या, आणि पेट्रोल गाडीच्या क्रमांकाप्रमाणे सम-विषम तारखांना मिळत होते. 6 तारखेला अध्यक्षपदाची निवडणूक होती आणि तिच्याच बरोबर, प्रथमच, स्कूल बोर्डाची. काकूंचे नेहमीचे केंद्र अंधारात असल्यामुळे मतदान दुसऱ्या इमारतीत हलवले होते. त्या चालतच गेल्या. रांग दाराबाहेर वळसा घालून गेलेली, आणि जी माणसे त्या नोंदवहीत वर्षानुवर्षे कोरी राहिली होती, ती तिथे हातात कॉफी घेऊन उभी होती.

रांगेत पुढे एक तरुण गुजराती आई होती. घरी आलेली नमुना मतपत्रिका उघडून तिने काकूंना हिंदीत विचारले, "ओबामा-रोमनी तो ठीक है, पर ये स्कूलवाले कौन हैं?" काकू सांगू लागल्या, तोच केंद्रावरच्या अधिकाऱ्याने त्यांना थांबवले : शंभर फुटांच्या आत कोणत्याही उमेदवाराविषयी प्रचार करता येत नाही. नियम अगदी योग्य होता. काकूंनी वाद घातला नाही. रांगेतली पाऊण तासाची जागा सोडून त्या वाहनतळाच्या पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागोमाग ती आई गेली, तिच्या मागे आणखी दोघे-तिघे. तिथे, थंडीत, काकूंनी त्यांना कोणता उमेदवार पूर्ण दिवसाच्या बालवर्गाच्या बाजूचा आहे आणि कोण वर्गातली मुलांची संख्या वाढवायला निघाला आहे, ते सगळे सांगितले. मग सर्वजण रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहिले.

एप्रिलमध्ये येणारे थोडे होते, पण त्यांना प्रश्न माहीत असे. नोव्हेंबरमध्ये येणारे पुष्कळ असतात, पण शाळेच्या उमेदवारांची नावे त्यांच्यापैकी अनेकांना तिथेच प्रथम दिसतात. तरीही मला नोव्हेंबरच योग्य वाटतो, कारण न आलेल्या माणसाला काहीच सांगता येत नाही आणि आलेल्याला सांगता येते. आपल्याकडेही शाळा व्यवस्थापन समितीची पालकसभा कामाच्या दिवशी भर दुपारी घेतात आणि रोजंदारीवरची आई येत नाही म्हणून तिलाच बोल लावतात, हे मला फार खटकते. सभा संध्याकाळी घ्यावी.

एक गोष्ट मात्र मला पटलेली नाही. एप्रिलमध्ये लोक शाळेच्या अंदाजपत्रकावरही मत देत, आणि 2010 मध्ये तर त्यांनी निम्म्याहून अधिक अंदाजपत्रके नामंजूर केली होती. नोव्हेंबरकडे वळलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये करवाढ 2 टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर ते मत उरत नाही. तारीख बदलण्यासाठी हा हक्क सोडायला लावण्याचे काहीच कारण नव्हते. तो परत मिळायला हवा.

नेवार्क शहराने एप्रिलच ठेवला. तिथे मतदान अवघे काही टक्के होते. एप्रिल 2025 मध्ये तिथे 16 आणि 17 वर्षांच्या मुलांनी स्कूल बोर्डासाठी प्रथमच मत दिले, आणि मला त्याचे मनापासून कौतुक वाटते.

आपले अनेक बांधव न्यू जर्सीत व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत. ते कर भरतात, त्यांची मुले त्याच शाळांत शिकतात, पण त्यांना मत नाही. त्यांनी लक्षात ठेवावे, की अंदाजपत्रकावरची जाहीर सुनावणी बहुतेक ठिकाणी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला होते, आणि तिथे बोलण्यासाठी नागरिकत्व लागत नाही.

नमस्कार.