दाढ ठणकतेय? गोळी गिळायच्या आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

नमस्कार मंडळी, आज दाढदुखीवर बोलूया, ती रात्री दोन वाजता उठवून बसवणारी. आडवं झालं की जास्त ठणकते ना? झोपल्यावर डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि दाताच्या आतली नस सुजलेली असते, तिला फुगायला जागाच नसते, चारी बाजूंनी कडक दात. म्हणून दोन उशा घ्या, बर्फ कपड्यात गुंडाळून बाहेरून गालावर धरा. लवंगेचं तेल जपून, नुसतं लावलं तर हिरडी भाजते, आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशी दाबून तर अजिबात ठेवू नका.

आता गोळ्या. मोठ्या माणसाला, बाकी काही आजार नसेल तर, आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० ही जोडी दातदुखीवर चांगली चालते, पण काहीतरी खाऊनच घ्या, आणि डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन दिवसाला तीनच्या वर नको. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, रक्त पातळ करायची गोळी किंवा गरोदर असाल तर आयबुप्रोफेन घेऊच नका, आधी डॉक्टरांना फोन. आणि पावसाळ्यात अंगात ताप पण असेल तरी नको, मुंबईत तेव्हा डेंग्यू असतो आणि त्यात ही गोळी रक्तस्राव वाढवू शकते.

लोक सगळ्यात जास्त कुठे फसतात सांगू? कॉम्बिफ्लाम घेतली, त्यात आयबुप्रोफेन ४०० आहेच, शिवाय पॅरासिटामॉल ३२५. तीन झाल्या, ९७५. थांबत नाही म्हणून वर डोलो ६५०, म्हणजे तेच पॅरासिटामॉल, चार वेळा, २६००. त्यात सर्दीची गोळी, तिच्यातही बऱ्याचदा ५०० असतं, तीन घेतल्या की १५००. बेरीज ५०७५, आणि मोठ्या माणसाची दिवसाची हद्द ४००० मिलिग्रॅम, दारू घेणाऱ्याची किंवा लिव्हरचा त्रास असलेल्याची त्याहून बरीच कमी. लिव्हर बिघडायला लागलं तरी सुरुवातीला काही कळत पण नाही, म्हणून प्लीज, प्रत्येक पाकीट उलटं करून वाचा.

केमिस्टकडून अँटिबायोटिकचा कोर्स मागून घेणं, याचा मला खरंच राग येतो. नस सुजलीय तर ते दुखणं अँटिबायोटिकने जात नाही, त्याला रूट कॅनाल नाहीतर दात काढणं हाच इलाज. आणि दुखणं अचानक बंद झालं तर खूश होऊ नका, नस मेलेली असू शकते आणि पू आत पसरत राहतो.

गाल सुजून डोळ्याकडे किंवा गळ्याकडे चालला, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास लागतोय, तर सकाळची वाट बघायची नाही, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, रात्र असली तरी.

पैशांमुळे थांबला असाल तर मुंबई सेंट्रलला पालिकेचं नायर दंत रुग्णालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी डेंटल कॉलेज आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. निघायच्या आधी घेतलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, शेवटची किती वाजता घेतली तेही लिहा, डॉक्टर पुढचं औषध त्यावरून ठरवतील.