तात्याच्या पाठीमागे

(दृश्य: वरच्या मजल्यावरची खोली. दिवाण. खालच्या अंधारात दोन डोळे.)

दिवाणाखाली चमकतायत ते चिंगी या कुत्रीचे डोळे. सिंहगड रस्त्यावरच्या या घरात येऊन तिला चार दिवस झालेत आणि चार दिवसांत आम्हाला तिचं एवढंच दर्शन झालंय. वाटी आत सरकवली की डोळे भिंतीकडे वळतात. माणूस खोलीबाहेर पडून जिना उतरला, की मग दहीभात चाटल्याचा आवाज येतो.

धायरीच्या बाजूला एका बंद पडलेल्या शेडमधून तिला काढलं. त्याचं चित्रण नाही, तेव्हा सगळ्यांचे हात जाळी धरण्यात गुंतले होते. दातांवरून डॉक्टरांनी वय दोन वर्षं सांगितलं. त्या दोन वर्षांत काय झालं ते तिचं तिला ठाऊक.

(दृश्य: चिंगीचा चेहरा, जवळून.)

आता नीट बघा. तिने जांभई दिली. ही झोपेची जांभई नाही. जीभ ओठांवरून फिरली, पण तोंडात घास नाही. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसतेय, कारण तोंड भिंतीकडे आहे आणि नजर कॅमेऱ्यावर. बघायला येणारे म्हणतात, “किती शांत आहे हो!” ती शांत नाही. ती भीतीने थिजली आहे.

कुत्र्याचं पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जगाशी ओळख करून घेतं. या दिवसांत माणूस भेटला तर माणूस आपला होतो. 1961 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पिल्लं कुंपणाच्या आवारात माणसापासून दूर वाढवली होती. ज्यांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही, ती पुढे माणसाशी नीट जुळलीच नाहीत. आपल्या गल्लीतल्या पिल्लांना माणूस दिसतो, रोज दिसतो. पण त्या कोवळ्या दिवसांत त्यांच्या कानावर माणसाचा जो शब्द सगळ्यात जास्त पडतो, तो म्हणजे ‘हाड’.

मग माणूस चांगलाही असतो, हे चिंगीला कुणी सांगायचं? माणसाने सांगून उपयोग नाही. तिला भीती त्याचीच आहे.

(दृश्य: अंगणात उन्हात पसरलेला तात्या.)

हा तात्या. वय 11 वर्षं. अस्सल गावठी. तोंडावर पांढरं आलंय, मागचे पाय सकाळी जरा अवघडतात. कानाला खाच दिसतेय ना, ती नसबंदी आणि रेबीजची लस झाल्याची खूण. मंडईच्या आसपास भाजीच्या गाड्यांमध्ये हा मोठा झाला. हमालांनी, भाजीवाल्या मावश्यांनी लाड केले, त्यामुळे माणसाचा हात खाली आला की तो मान वर करतो.

पिल्लू आहे का, असे फोन आम्हाला रोज येतात. म्हातारा कुत्रा आहे का, असं कुणी विचारत नाही. म्हणूनच या चित्रफितीत तात्या जरा जास्त दिसेल.

घाबरलेल्या कुत्र्याला सोबत द्यायची म्हणजे कुठलाही कुत्रा आणून शेजारी बांधायचा, असं नाही. सोबती स्वतः भित्रा असला तर भीती दुप्पट होते. दांडगट असला तर बिचारं आणखी कोपऱ्यात शिरतं. सोबती हवा तो माणसाशी मोकळा, दुसऱ्या कुत्र्याची मर्यादा ओळखणारा, आणि कमी उड्या मारणारा.

(दृश्य: दोन टॉवेल. जिना. जाळीचं दार.)

पहिले चौदा दिवस दोघांची भेट नाही. डिस्टेंपर, पार्व्हो असले एका कुत्र्याचे दुसऱ्याला लागणारे आजार अंगात दडलेले असू शकतात, म्हणून चिंगी वर आणि तात्या खाली. तात्याच्या लसी वेळच्या वेळी झालेल्या असल्या तरी हा नियम आम्ही मोडत नाही. पण वासाला जिन्याची अडचण नाही. तात्याच्या अंथरुणातला टॉवेल वर गेला, चिंगीचा खाली आला. तिसऱ्यांदा टॉवेल बदलायला गेलो तर तो जागेवर नव्हता. तिने तो ओढून दिवाणाखाली नेला होता.

पंधराव्या दिवशी मधलं दार उघडलं आणि जाळी लावली. आता तात्या काय करतो बघा. जाळीपाशी आला. एकदा हुंगलं. डोळ्याला डोळा भिडवला नाही. वळला, आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसला. सुस्कारा टाकून झोपलासुद्धा. हे त्याला आम्ही शिकवलेलं नाही. रोखून बघणं म्हणजे धमकी आणि पाठ करणं म्हणजे ‘माझा तुला त्रास नाही’, ही कुत्र्यांची आपसातली भाषा. माणूस मात्र उलट वागतो. समोरून जातो, वाकतो, डोळ्यांत बघतो, डोक्यावर हात ठेवायला जातो.

(दृश्य: रात्रीचा कॅमेरा. काळं-पांढरं चित्र. वेळ 2 वाजून 40 मिनिटं.)

ही त्यानंतरची तिसरी रात्र. जाळी आता उघडी आहे.

(निवेदन थांबते. चिंगी दिवाणाखालून पूर्ण बाहेर येते. तात्याच्या भांड्यातलं पाणी पिते. उभी राहते. तात्याच्या पाठीला पाठ लावून बसते.)

पुढचे दीड महिने तिने तात्याचे कान वाचले. हे स्वयंपाकघरातलं चित्रण सावकाश करून दाखवतोय. कुकरची शिट्टी झाली. चिंगी दचकली, पण पळायच्या आधी तिची मान तात्याकडे वळली. तात्याचा कानही हलला नाही. ती दोन पावलं मागे सरकली, आणि थांबली. दुसऱ्या शिट्टीला एकच पाऊल. तिसऱ्या शिट्टीला नुसतं बघितलं. दूधवाल्याची बेल, गॅस सिलिंडर आपटल्याचा आवाज, आणि आषाढ लागल्यावर नदीकाठच्या ढोल पथकांचा सराव, प्रत्येक वेळी आधी तात्याकडे बघायचं, मग स्वतःचं ठरवायचं. सोबतीचा कुत्रा निवांत असला की भेदरलेल्याचा ताणही उतरू शकतो.

माणसाचं काम या काळात एवढंच, की घाई करायची नाही. आमच्या घरातल्या काकू रोज संध्याकाळी जमिनीवर तोंड बाजूला वळवून बसतात, हात मांडीवर. उकडलेल्या चिकनचा तुकडा तात्याला हातातून, चिंगीला लांब टाकून. तुकडा रोज वीतभर जवळ पडतो. दिवाणाखालून ओढून काढायचं, मांडीवर दाबून धरायचं, ‘सवय होईल’ म्हणायचं, हे कृपा करून कुणी करू नका. त्याने सवय होत नाही, चावा मिळतो.

एक चूक आमच्याकडूनही झाली. चिंगी तात्याला इतकी चिकटली, की तात्याला दवाखान्यात नेलं त्या दिवशी दाराशी तासभर केकाटली. कुत्र्यावर विश्वास बसला, पण माणसावर बसलाच नाही, असंही होऊ शकतं. तेव्हापासून रोज पंधरा मिनिटं तिला एकटीला काकूंजवळ ठेवलं. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत. तात्यालाही त्याची झोप हवी असते. एकदा तो तिच्यावर गुरगुरला, आम्ही त्याला रागावलो नाही. गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी थेट दात लागतात.

(दृश्य: पहाट. मैदान. दोन माणसं, दोन कुत्रे, मध्ये अंतर.)

बाहेरची पहिली फेरी. चिंगीला दोन दोऱ्या आहेत, एक गळ्यातल्या पट्ट्याला, एक छातीभोवतीच्या पट्ट्यांना, म्हणजे हार्नेसला. घाबरलेला कुत्रा मागे रेटून पट्ट्यातून मान सोडवतो, आणि या रस्त्यावर सुटला तर सापडत नाही. तात्या पुढे, ती वीस फुटांवरून त्याच दिशेने. नंतर दहा. नंतर त्याच्या शेपटीच्या मागोमाग.

(दृश्य: काकूंचा हात. तात्या हनुवटी हातावर टेकवतो.)

इथे आम्ही काही बोलत नाही.

(निवेदन थांबते. बारा सेकंद. तात्याच्या हनुवटीखालून चिंगीचं नाक त्याच हाताला लागतं.)

नंतर चिंगीची नसबंदी झाली, लसी झाल्या, आणि ती कोथरूडला एका घरी गेली. तिथे आठ वर्षांची एक कुत्री आहे.

(दृश्य: जिन्याच्या पायथ्याशी तात्या.)

तात्याला आता जिना चढवत नाही. सांध्यांचं औषध चालू आहे. पुढचा कुत्रा येईल तेव्हा वरची खोली कामाची नाही, म्हणून खालची मागची खोली रिकामी केलीय. दिवाण दोघांनी उचलून तिथे आणून ठेवलाय. खाली हात जाईल एवढी जागा सोडलीय.