अडतं ते बारक्या शब्दांपाशी

नमस्कार श्रोतेहो. केंब्रिजची ‘सी-वन ॲडव्हान्स्ड’ ही इंग्रजीची वरच्या पातळीची परीक्षा द्यायला निघालेल्या सांगली-मिरजेतल्या कॉलेजच्या मुलामुलींशी आज थोडं बोलायचं आहे.

विश्रामबागेत माझ्याकडे येणारी मुलं पहिल्या दिवशी अवघड शब्दांची जाडजूड वही घेऊन येतात. पाठांतर दांडगं. आणि सराव पेपरात अडतात कुठं? ‘ऑफ’, ‘इट’, ‘सच’ असल्या बारक्या शब्दांपाशी! वाचन आणि भाषावापराचा पेपर दीड तासाचा, 56 प्रश्नांचा. त्यात एका उताऱ्यात आठ गाळलेल्या जागा असतात, पर्याय एकही नाही. प्रत्येक जागी एकच शब्द, आणि तो बहुतेकदा असाच फुटकळ.

यात मुलांचा दोष नाही. आपला प्रत्यय शब्दाला चिकटून येतो, वेगळा उभा राहत नाही. शिवाय आपण विषया‘वर’ चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘ऑन’ ठोकतो. तिथं काहीच लागत नाही. मुद्द्या‘वर’ भर देतो, म्हणून ‘एम्फसाइज ऑन’. कुणा‘शी’ तरी लग्न करतो, म्हणून ‘मॅरी विथ’. तेव्हा चुकलेलं वाक्य वहीत लिहा, शेजारी तेच मराठीत लिहा. चूक कुठल्या प्रत्ययातून आली ते लगेच दिसतं. पंधरा दिवसांनी वही चाळलीत, की कळेल: चुका पन्नास नाहीत, पाच-सहाच आहेत, आलटूनपालटून येणाऱ्या.

लेखनात 220 ते 260 शब्दांचे दोन मजकूर. निबंधाला तीन मुद्दे देतात, त्यातले दोनच घ्यायचे. सुविचारानं सुरुवात करायची शाळेतली सवय मात्र घरी ठेवून जा. ऐकण्याच्या पेपरात ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवतात, त्यामुळे तिथं फार धास्ती नको.

तोंडी परीक्षेला दोन उमेदवार एकत्र बसतात, साधारण पंधरा मिनिटं. आपली मुलं वक्तृत्व स्पर्धांत वाढलेली. एकदा सुरू झाली की जोडीदार बिचारा बघत बसतो. इथं गुण आहेत ते त्याचं ऐकून, त्याचाच धागा पुढं नेण्याला. विष्णुदास भाव्यांच्या गावात स्वगत आणि संवादातला फरक मी काय सांगावा! संध्याकाळी एखाद्या मैत्रिणीला घेऊन कृष्णाकाठी जा, आणि भडंगात कांदा हवा की नको यावर इंग्रजीतून भांडा. लोक वळून बघतील. बघू देत.