आधी आवाज, मग चित्र

नमस्कार श्रोतेहो.

रात्रीची वेळ. रस्त्याच्या कडेला एक गाडी उभी आहे. आत दोघं मित्र बसलेत, बायकांना 'बोलिंग खेळायला जातो' अशी थाप मारून आलेले. खेळबिळ काही नाही. गाडीत पोलिसांच्या वायरलेसची खरखर चालू आहे आणि दोघंही कान टवकारून ऐकतायत, की कुठे आग, कुठे चोरी. एक बॉब पार, म्हणजे मिस्टर इनक्रेडिबल. दुसरा लुशियस, म्हणजे फ्रोझोन. दोघंही महानायक, पण कायद्याने घरी बसवलेले.

चित्रपट ओळखलात ना? 'द इनक्रेडिबल्स'. ब्रॅड बर्ड दिग्दर्शक, पिक्सार स्टुडिओ, अमेरिकेत 5 नोव्हेंबर 2004 ला लागला. गोष्ट मी सांगत बसत नाही, बहुतेक घरांतल्या मुलांना ती पाठ आहे. काळ तेवढा लक्षात घ्या. चित्रपटात एक वर्तमानपत्र दिसतं, त्यावर साल आहे 1962. आता हे साल म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातलं 1962 नव्हे. 1962 मधल्या माणसांना पुढचं जग जसं दिसत होतं तसं ते आहे. मोनोरेल, रॉकेटं, बेटावरचा खलनायकाचा अड्डा, आणि सगळ्यावर तुताऱ्या-ट्रॉम्बोनचं संगीत. ते संगीत मायकेल जियाकिनोचं. अख्खा वाद्यवृंद एकाच दालनात बसवला आणि ध्वनिमुद्रण केलं जुन्या पद्धतीच्या टेपवर, कारण त्या काळच्या पितळी वाद्यांचा घुमारा तसाच यायचा. (आता पुष्कळदा एकेक वाजवणाऱ्याला वेगळं बोलावतात आणि संगणकात सांधतात. त्यात चूक निघत नाही, आणि ऐकावंसंही काही उरत नाही. असो.)

तर आजचा मुद्दा एकच आहे: ॲनिमेशनमध्ये आधी आवाज, मग चित्र. पुन्हा सांगतो. आधी आवाज, मग चित्र.

पुष्कळांना उलटं वाटतं. चित्र हलवून तयार करायचं आणि त्यावर कुणीतरी बोलायचं, असं. प्रत्यक्षात आधी संहिता होते. मग हाताने काढलेली साधी चित्रं ओळीने लावतात आणि त्यावर स्टुडिओतलीच माणसं कामचलाऊ आवाज देतात. प्रसंग चालतोय का, कुठे रेंगाळतोय, हे तिथेच कळतं. मग खरे कलाकार बोलतात. त्यांचा आवाज हाती आला, की ॲनिमेटर तो कानात घालून बसतो आणि एका सेकंदाला 24 चित्रं या हिशोबाने ओठ, भुवया, खांदे हलवतो. श्वास कुठे घेतला, शब्द कुठे गिळला, यावरून हात कधी उचलायचा ते ठरतं. म्हणून आवाज चुकला तर पुढचं सगळं चुकतं.

आता या चित्रपटातली व्हायोलेट आठवा. बॉबची चौदा वर्षांची थोरली मुलगी. तिची शक्ती काय, तर अदृश्य होणं. बापाच्या अंगात बळ, आईचं अंग रबरासारखं ताणणारं, कारण घरात आईला दहा जण दहा बाजूंनी ओढतात. धाकटा डॅश पळत सुटणारा. आणि या वयाच्या मुलीला कुणी आपल्याकडे बघूच नये असं वाटतं, म्हणून ती अदृश्य. अशा मुलीचा आवाज कुठून आणायचा?

बर्ड गाडी चालवत होते आणि गाडीत रेडिओ लागला होता. कार्यक्रम होता 'धिस अमेरिकन लाइफ'. त्यात सारा व्हॉवेल नावाची एक लेखिका स्वतः लिहिलेला लेख वाचत होती. लेखिका बरं का, अभिनेत्री नव्हे. तिचा विषय इतिहास आणि राजकारण. तिचे वडील माँटाना राज्यातले, बंदुका घडवणारे कारागीर. मुलीला बंदुकांचा तिटकारा. एकाच छपराखाली दोन पक्ष! आणि या वडिलांनी घरच्या कारखान्यात काय करावं? तर हाताने तोफ बनवली. जुन्या तोफेची छोटी प्रतिकृती, पण खरोखर उडणारी. मग बापलेक ती तोफ घेऊन डोंगरावर गेले आणि उडवली. धडाम्! आणि बंदुकांवर नाक मुरडणाऱ्या या बाईला चक्क मजा आली.

हा लेख ती वाचते कशी, ते महत्त्वाचं. आवाज बारीक, थोडा नाकातला. चढ-उतार जवळजवळ नाही. विनोद आला तरी ती हसत नाही, वाक्य संपता संपता आवाज आत ओढून घेते, जणू मागे कुणी ऐकत असेल. रेडिओच्या शाळेत असा आवाज पहिल्या दिवशीच परत पाठवला असता. बर्डना तो ऐकताच वाटलं, ही व्हायोलेट!

पण वाटणं वेगळं आणि पडद्यावर बसणं वेगळं. म्हणून पिक्सारच्या मंडळींनी एक चाचणी केली. नवं काहीच ध्वनिमुद्रित केलं नाही. रेडिओवरचा तोच तोफेचा भाग उचलला आणि त्यावर व्हायोलेट हलवून पाहिली. म्हणजे पडद्यावर लांब केसांची ही पोरगी, आणि तोंडी एका प्रौढ लेखिकेची वडिलांच्या तोफेची हकिकत! ती चाचणी पुढे चित्रपटाच्या डीव्हीडीवरही दिली. आवाज आणि चेहरा असे जुळले, की अभिनयाचा गंध नसलेल्या बाईला मुख्य भूमिका मिळाली. आधी आवाज, मग चित्र, म्हणतो ते हेच.

(एक मनातलं बोलून घेतो. आपल्याकडे बालनाट्यापासून जाहिरातीपर्यंत लहान मुलाचा आवाज म्हटला की लाडिक, चिरका, प्रत्येक शब्दाला गुदगुल्या केलेला. खरी मुलं असं बोलतात का? पाहुण्यांसमोर उभं करा, निम्मी वाक्यं घशातच राहतात.)

आवाज मिळाला, पण व्हायोलेट अजून पूर्ण नव्हती. तिचे केस! तिला चेहरा लपवायचा, म्हणून लांब, मोकळे, एका डोळ्यावर आलेले केस हवेत. 2004 च्या आधी संगणकात असे केस म्हणजे डोकेदुखी. निर्मितीचा बराच काळ ते सुटलेलं कोडं नव्हतंच. अडचण अशी: प्रत्येक केस हिशोबाने हलवणं परवडत नाही, म्हणून मोजके केस हलवायचे आणि बाकीच्यांनी त्यांच्यामागे जायचं. आखूड केसांत हे खपतं. लांब केस खांद्यावर आपटतात, एकमेकांवर घासतात, हात फिरवला की बोटांत अडकतात. हिशोब जरा चुकला, की केस खांद्यातून आरपार जातात. त्यात ही मुलगी वाऱ्यात उभी राहते, पाण्यात पडते, आपल्याच शक्तीने स्वतःभोवती उभारलेल्या संरक्षक गोलात तरंगते. प्रत्येक ठिकाणी केसांची वागणूक वेगळी. कापून टाकले असते तर सगळे सुटले असते, पण मग लपायचं कशामागे? शेवटच्या प्रसंगात तिने केस मागे घेतलेले दिसतात, ते आता नीट बघा. किती कष्टांनी आणलेला पडदा तिने बाजूला केलाय ते कळेल.

डॅशचंही ऐका. जंगलात पळताना त्याची धाप खरी वाटते, कारण ती खरीच आहे. स्पेन्सर फॉक्स या मुलाला बर्डनी स्टुडिओला चार फेऱ्या मारायला लावल्या आणि मग माइकसमोर उभं केलं. महानायकांचे पोशाख शिवणाऱ्या एडना मोडचा आवाज तर खुद्द बर्ड यांचा. पायघोळ केप घालणाऱ्या महानायकांचं काय होतं याची ती यादी वाचते: एकाची विमानाच्या इंजिनात ओढली गेली, एकाची क्षेपणास्त्रात अडकली, एकाची लिफ्टमध्ये. (पौराणिक नाटकात शेला खिळ्याला अडकलेला राजा ज्यांनी पाहिलाय, त्यांना एडना लगेच पटते.) आणि लुशियसची बायको हनी? ती पूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाही. आतल्या खोलीतून नुसता आवाज. तरी सगळ्यांना ती लक्षात आहे.

डबिंगमध्ये मात्र सगळं उलटं होतं. चित्र ठरलेलं, आवाज मागून. हिंदीत हा चित्रपट 'हम हैं लाजवाब' नावाने आला, त्यात बापाचा आवाज शाहरुख खानचा आणि डॅशचा, म्हणजे 'तेज'चा, त्याच्या मुलाचा, आर्यनचा. खरे बापलेक घेणं छान सुचलं. डबिंग लिहिणाऱ्याची खरी अडचण असते प, फ, ब, भ, म. ही पाच अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. पडद्यावर ओठ मिटले, की तिथे यातलं अक्षर हवं. ओठ उघडे असताना 'बाबा' म्हटलंत, तर लहान मूलसुद्धा म्हणतं, काहीतरी चुकतंय. म्हणून अर्थ बरोबर असलेलं वाक्यही टाकून द्यावं लागतं.

या चित्रपटाला दोन ऑस्कर मिळाले. एक ॲनिमेशनपटाचं, दुसरं ध्वनिसंकलनाचं. दुसऱ्याची आठवण कुणी काढत नाही. पुन्हा पाहाल तेव्हा विमानाचा प्रसंग आधी डोळे मिटून ऐका. आई विमान चालवतेय, वायरलेसवर आपली खूण सांगतेय, 'इंडिया गोल्फ नायनर नायनर'. बर्ड यांचा आधीचा चित्रपट होता 'द आयर्न जायंट', साल 1999. वायरलेसवर इंडिया म्हणजे आय, गोल्फ म्हणजे जी, नायनर म्हणजे नऊ. आय, जी, नव्याण्णव. समोरून उत्तर नाही. क्षेपणास्त्रं येतात. ती ओरडते, विमानात मुलं आहेत. आपल्याला विमान दिसतं. बेटावर कैदेत असलेल्या बॉबला काहीच दिसत नाही. त्याला फक्त स्पीकरमधून तिचा आवाज ऐकू येतो, आणि मग तोही बंद होतो.