दिवसाला २० सेकंद

(दृश्य: उघडं घड्याळ, अगदी जवळून. बॅलन्स, म्हणजे झोके घेणारं चाक, फिरतोय. सुरुवातीला निवेदन नाही, फक्त टिकटिक.)

हा ठोका सेकंदाला पाच वेळा पडतो. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. असं घड्याळ दिवसभरात २० सेकंद चुकलं, तर या सगळ्या ठोक्यांपैकी फक्त १०० ठोके इकडचे तिकडे झालेले असतात. सेल नाही, वायर नाही. सकाळी बोटांनी दिलेली चावी, आणि त्या जोरावर पुढचा अख्खा दिवस.

(दृश्य: जिन्याखालचं दुकान, काकांची पाठ, भिंतीवरची घड्याळं.)

पुण्याच्या बुधवार पेठेत, एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली काकांचं हे घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुसरा माणूस आत आला, तर पहिल्याला उठावं लागतं. आज काकांच्या टेबलावर आहे एच.एम.टी. जनता, चावीचं मनगटी घड्याळ. सरकारी कंपनी एच.एम.टी.ने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. तिथून सुरू झालेली ही घड्याळं पुढे शाळा, कचेऱ्या, गिरण्या आणि लग्नाच्या आहेरातून महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली.

हे घड्याळ एस.टी.तून निवृत्त झालेल्या एका वाहकाचं आहे. ते अजूनही रोज हेच बांधतात. तक्रार एकच: घड्याळ रोज दीड-दोन मिनिटं पुढे जातं.

(दृश्य: काका खणातून होकायंत्र काढतात.)

काका घड्याळ लगेच उघडत नाहीत. आधी होकायंत्र टेबलावर ठेवतात आणि घड्याळ हळूहळू त्याच्याजवळ नेतात. सुई बघा.

(सुई हलते. दोन सेकंद शांत.)

घड्याळात चुंबकत्व शिरलंय. बॅलन्सवर हेअरस्प्रिंगची जी गुंडाळी असते, तिचे वेढे चुंबकत्वामुळे एकमेकांना चिकटतात. स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते, बॅलन्स भराभर फिरतो आणि घड्याळ पुढे पळतं.

काका विचारतात, "रात्री कुठे ठेवता, मास्तर?" उत्तर येतं, "मोबाइलपाशी." मोबाइलच्या पाकिटासारख्या कव्हरला झडप बंद राहावी म्हणून लोहचुंबक बसवलेलं असतं. मोबाइलच्या स्पीकरमध्येही चुंबक असतंच.

इथे शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाचं नाव घ्यायलाच हवं. पूर्वी हेअरस्प्रिंग साध्या पोलादाची असे. तापमान एका अंशाने वाढलं, तरी घड्याळ दिवसाला सुमारे १० सेकंद मागे पडायचं. गियोमने लोखंड आणि निकेलच्या मिश्रधातूंवर काम करून गरमी-थंडीला दाद न देणारी स्प्रिंग शक्य केली. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला निकेल-पोलादाच्या संशोधनासाठीच मिळालं. एप्रिलच्या उन्हात आपलं घड्याळ ताळ सोडत नाही, त्यामागे ती मेहनत आहे. मात्र त्या मिश्रधातूत लोखंड राहिलंच, आणि त्याबरोबर चुंबकाची भीतीही.

(दृश्य: चुंबकत्व काढणारा निळा डबा. काका बटण दाबून घड्याळ त्यावरून लांब नेतात. पुन्हा होकायंत्र. सुई स्थिर.)

पळणं थांबलं. खरं काम आता सुरू होतं.

(दृश्य: टाइमग्राफरचा पडदा.)

या यंत्राला कान आहे. घड्याळ त्याच्या माइकवर बसवलं, की प्रत्येक ठोका पडद्यावर एक ठिपका होऊन येतो. ठिपक्यांची रेघ वर चढली तर घड्याळ पुढे जातंय, खाली उतरली तर मागे पडतंय. तबकडी वर ठेवून आधी एक रेघ पाहिली. आता काका घड्याळ उभं करतात, चावीची घुंडी खाली. तीच रेघ बघा, कशी उतरायला लागली. घड्याळ तेच, चावीही तेवढीच. बदललंय ते फक्त ठेवणं.

घड्याळ आडवं असतं, तेव्हा बॅलन्सचा दांडा भोवऱ्यासारखा एका टोकावर उभा राहून फिरतो. उभं केलं, की तोच दांडा आडवा होतो आणि दोन्ही बाजूंच्या माणकांच्या, म्हणजे दांडा टेकवणाऱ्या कठीण खड्यांच्या, भोकांत कडेने घासतो. घर्षण वाढतं, झोका आखूड होतो. बॅलन्सचं वजन कुठे जरासं जड असेल, तर तेही आता जाणवू लागतं. मनगटावरचं घड्याळ दिवसभर हेच सोसत असतं. बसच्या दांड्याला धरलेला हात, जेवताना टेकलेला हात, चालताना खाली सोडलेला हात.

स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देणारी संस्था घड्याळाचं यंत्र १५ दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांत तपासते. सरासरी फरक दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे, एवढ्यातच बसावा लागतो. परीक्षा कडक आहे, पण ती एकट्या यंत्राची. ते कोणाच्या हातावर जाणार, तो हात काय काम करतो, हे तिथे कोणी विचारत नाही. जिन्याखालच्या या दुकानात ते विचारलं जातं.

(दृश्य: यंत्र सुटं होतंय. स्क्रू, चाकं, माणकं. संगीत. लांब तुकडा.)

मेनस्प्रिंगची, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या स्प्रिंगची, डबी. चाकांची रांग. चाकांना ठोक्याठोक्याने सोडणारा पॅलेट. मधल्या चाकाच्या माणकाभोवती तपकिरी कडं दिसतंय, ते वाळलेलं तेल आहे. झोका आखूड होण्याचं एक कारण हेच. प्रत्येक भाग पेट्रोलमध्ये ब्रशने साफ होतो. काडी टोकदार करून माणकांची भोकं पुसली जातात. मग तेल. सुईच्या टोकावर मावेल तेवढंच, एकेका माणकाला. जास्त झालं तर ते पसरतं आणि जिथे हवं तिथून निघून जातं.

(दृश्य: बॅलन्स परत बसतो. पहिला झोका.)

(निवेदन नाही.)

आता रेघा दोन्ही स्थितींत जवळ आल्यात. बॅलन्सवरची ही छोटी पट्टी हलवली, की हेअरस्प्रिंगची कामाची लांबी बदलते. पट्टी इतकी कमी हलते, की कॅमेऱ्यातही नीट दिसत नाही. पुन्हा यंत्र, पुन्हा पट्टी.

तरीही काका आकडा शून्यावर आणत नाहीत. ते विचारतात, "कुठल्या हातात बांधता? झोपताना काढता ना? चावी ठरल्या वेळी देता?" दिवसा हे घड्याळ उभ्या स्थितीत थोडं मागे पडतं. म्हणून आडव्या स्थितीत ते मुद्दाम थोडं पुढे लावलं जातं. रात्री तबकडी वर ठेवली, तर दिवसाची तूट रात्री भरून निघेल. चावी रोज एकाच वेळी द्यायची, कारण मेनस्प्रिंग उतरत आली, की झोकाही बदलतो.

सेलवरच्या क्वार्ट्झ घड्याळाला यातलं काहीच लागत नाही. त्याचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. ती घड्याळं आली, बाजार बदलला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एच.एम.टी.ची घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. आता सुटे भाग बहुतेकदा बंद पडलेल्या दुसऱ्या घड्याळांतून काढावे लागतात.

(दृश्य: काचेच्या बरण्या, आत चाकं आणि काटे.)

(दृश्य: आठवड्यानंतर. वाहक येतात आणि काकांच्या हातात वहीचा कागद देतात.)

रोज सकाळी चावी देताना मोबाइलच्या वेळेशी ताडून ही नोंद केली आहे. बहुतेक दिवस घड्याळ ८ ते १२ सेकंद पुढे. एका दिवशी ३ सेकंद मागे, त्या रात्री ते हातातच राहिलं होतं. काका कागद दोनदा वाचतात आणि पट्टीला हात लावत नाहीत. नवं तेल बसायला अजून वेळ आहे. महिन्याने घड्याळ पुन्हा यंत्रावर लागेल. तोवर दर रविवारी काटे मिनिटभर मागे घ्यायचे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा, एवढं दोघांचं ठरलं आहे.