बीप वाजला म्हणजे अलार्म चालू, असं नसतं

(नांदेडला तरुण मेकॅनिक आणि बचावकार्यातल्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानातून)

ही जेट स्की, म्हणजे पाण्यावरची स्कूटर, बघा. चावीची दोरी लावली की ती बीप करते आणि बहुतेक जण तिथेच समाधान मानतात. त्यावरून कळतं ते एवढंच की बझर जिवंत आहे. इंजिन तापल्याचं बझरला सांगणार कोण? सेन्सर आणि त्याची वायर. त्यांची परीक्षा अजून झालेलीच नाही.

हे इंजिन बंद पेटीत असतं, त्याला मोटारसायकलीसारखा वारा लागत नाही. मागच्या पंपातला इंपेलर पाणी फेकून गाडी ढकलतो आणि त्यातलंच थोडं पाणी थंडाव्यासाठी वळवलेलं असतं. काही मॉडेलांत इंजिनाला वेगळं कूलंट असतं, पण एक्झॉस्टला बाहेरचंच पाणी लागतं. आता आपली गोदावरी डोळ्यांपुढे आणा. जलपर्णी, गाळ, प्लास्टिक! खालच्या जाळीत एक पिशवी अडकली तरी पुरे.

अलार्म तपासायला 'पाण्याबाहेर चालू ठेवा, तापलं की वाजेल,' असा सल्ला देणारे भेटतात. त्यांच्या हाती मी माझी गाडी देणार नाही. विहिरीतली मोटार कोरडी चालवायला कुणा शेतकऱ्याला सांगून बघा! पाणी नसलं की एक्झॉस्टचे रबरी पाइप आधी जळतात. शिवाय सेन्सरभोवती पाणीच नसेल, तर उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोचते. अलार्म वाजेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं.

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत बहुधा साधा स्विच असतो. ठरावीक तापमानाला आतले पॉइंट जुळतात, वायरला अर्थ मिळतो, बझर वाजतो. तिथे स्विचची वायर काढून बॉडीला टेकवली की वायर आणि बझर दोन्ही तपासून होतात. नव्या गाड्यांत थर्मिस्टर असतो. तो तापला की त्याचा रोध घटतो, आणि अलार्मचा निर्णय कॉम्प्युटर घेतो. तिथे वायर अर्थला लावायचा उद्योग करू नका. कॉम्प्युटर त्याला वायरिंगचा बिघाड समजू शकतो.

सेन्सर मात्र दोन्हीकडे पातेल्यात तपासता येतो. तो तारेने पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, नाहीतर आकडे खोटे येतील. शेजारी थर्मामीटर, मल्टिमीटर ओहमवर, म्हणजे रोध मोजायला. पाणी हळूहळू तापवा आणि आकडे सर्व्हिस मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडून बघा. एक गोष्ट ध्यानात ठेवा: समुद्रकाठी १०० अंशांना उकळणारं पाणी आपल्या नांदेडात ९९च्या आसपासच उकळतं. स्विच १००च्या वर जुळणारा असेल तर या पातेल्यात तो कधीच जुळणार नाही, आणि चांगला स्विच तुम्ही भंगारात टाकाल.

सेन्सर परत बसवल्यावर थंडाव्याच्या पाण्यासाठी नळाची नळी लावून इंजिन थोडं चालवायचं, तर आधी इंजिन, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरू शकतं. घाईत नेमका हाच क्रम चुकतो, म्हणून आमच्याकडे तो नळाशेजारी भिंतीवर रंगानं लिहिलाय.