साथीतली माहिती कुणाच्या हाती?

कोविड-19 च्या साथीत रुग्णाच्या संपर्कात आलेली माणसे शोधण्यासाठी अनेक देशांनी मोबाइल फोनचा आधार घेतला. साधन जवळपास सारखेच होते. त्यातून जमणारी माहिती कुठे साठवायची आणि कुणाला पाहू द्यायची, हे मात्र प्रत्येक देशाने आपापल्या पद्धतीने ठरवले.

दक्षिण कोरियाचा निर्णय साथीपूर्वीच झाला होता. 2015 मध्ये मर्स या श्वसनरोगाच्या उद्रेकात तेथे 186 जणांना लागण झाली, 38 जण दगावले, आणि रुग्णालयांची नावे सुरुवातीला गुप्त ठेवल्यामुळे लोक संतापले. त्यानंतर दुरुस्त केलेल्या कायद्याने रुग्णाचे कार्डव्यवहार, फोनचे ठिकाण आणि सीसीटीव्ही चित्रण तपासण्याची मुभा यंत्रणेला दिली. 2020 मध्ये शोध वेगाने झाला खरा, पण रुग्णाच्या हालचाली इतक्या बारकाव्यांसह जाहीर होऊ लागल्या की नाव नसतानाही माणूस ओळखू येई; तेथील मानवी हक्क आयोगानेच त्यावर चिंता व्यक्त केली.

जर्मनीच्या अ‍ॅपमध्ये संपर्काच्या नोंदी ज्याच्या त्याच्या फोनमध्येच राहत. खासगीपणा जपला गेला, मात्र इशारा कुणाला मिळाला हे आरोग्य विभागाला दिसत नसल्याने अ‍ॅपचा उपयोग मोजणे अवघड झाले.

सिंगापूरची कथा अधिक बोलकी आहे. मार्च 2020 मध्ये तेथे ब्लूटूथवर चालणारे ‘ट्रेसटुगेदर’ आले, पुढे स्मार्टफोन नसलेल्या ज्येष्ठांसाठी छोटी टोकनेही दिली गेली, आणि ही माहिती केवळ संपर्कशोधासाठीच वापरली जाईल, अशी ग्वाही मंत्र्यांनी दिली. जानेवारी 2021 मध्ये मात्र संसदेत स्पष्ट झाले की फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार पोलिसांनाही ती मागता येते, आणि एका खुनाच्या तपासात ती मागितली गेली होती. टीका झाल्यावर पुढच्याच महिन्यात कायदा करून पोलिसांचा वापर 7 प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करण्यात आला. हे कुंपण अ‍ॅपसोबतच यायला हवे होते. ब्लूटूथमध्ये कसलाच दोष नव्हता.

चीनमध्ये फोनवर दिसणाऱ्या आरोग्य कोडचा रंगच माणसाला कुठे जाता येईल ते ठरवत असे. जून 2022 मध्ये हनान प्रांतात ग्रामीण बँकांत पैसे अडकलेल्या 1,300 हून अधिक ठेवीदारांचे कोड अचानक लाल, म्हणजे फिरण्यास मनाई करणारे, झाले. त्यांपैकी काही जण निदर्शनांसाठी प्रांताच्या राजधानीत, झेंगझोऊला, निघाले होते. चौकशीत हा प्रकार स्थानिक अधिकाऱ्यांनी जाणूनबुजून केल्याचे आढळले आणि 5 जणांवर शिस्तभंगाची कारवाई झाली.